पालथ्या हातावरचं नाणं

"जोरात, बाई, जोरात!" वाद्यवृंदाच्या संचालकाने छडी स्टँडवर आपटली. "मागच्या रांगेला काय डासांची गुणगुण ऐकवायचीय?"

बाईंनी हार्पसिकॉर्डवरचे हात उचलले. पियानोच्या या जुन्या भावंडाची खोड वाद्यवृंदातल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक होती. पट्टी दाबली की आत एक बारीक नखी तार छेडते. हळू दाबा नाहीतर बुक्की मारा, आवाज तेवढाच. ठाऊक नव्हतं ते फक्त संचालकाला. मोठमोठ्या वाद्यवृंदांपुढे छडी नाचवून तो इथे आला होता, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या बरोक संगीतावरचं एक पुस्तक त्याने येता येता चाळलं होतं.

"साहेब, याचा आवाज वाढत नाही," बाई म्हणाल्या.

"वाद्याचा नसेल वाढत, वाजवणाऱ्याचा वाढतो. जमत नसेल तर तसं सांगा. तुमचा तो एकटीचा तुकडा व्हायोलिनला देऊन टाकतो."

बाईंनी हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्याला साथ केली होती. एकटीने वाजवायचा एवढा लांब तुकडा पहिल्यांदाच वाट्याला आला होता, आणि कार्यक्रम उद्यावर होता. शेजारी चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, घेऊन बसलेली त्यांची लेक त्यांच्याकडे बघत होती.

"पुन्हा," संचालक म्हणाला.

या खेपेला बाईंनी खांदे उडवले. मान झटकली. हात चांगले वीतभर उंच नेऊन पट्ट्यांवर टाकले. शेवटच्या सुराला तर त्या बसल्या जागेवरून अर्ध्या उठल्या. असली सर्कस करणाऱ्यांच्या नावाने त्या आजवर नाक मुरडत आल्या होत्या. सूर मात्र मघाएवढेच निघाले, तसूभरही मोठे नाहीत.

"याला म्हणतात वाजवणं!" संचालक उसळलाच. "केवढा फरक पडला! ऐकलंत ना सगळ्यांनी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फरक कुणालाच ऐकू आला नव्हता, पण नोकरी प्रत्येकाला टिकवायची होती.

"मनावर घेतलं की होतं, बाई. उद्या याच्या दुप्पट!"

"दुप्पट," बाई गोड आवाजात म्हणाल्या. तो दाराबाहेर पडला आणि त्याच्यामागे बाकीचेही पांगले, तशा त्या लेकीकडे वळून हसल्या. "बघितलंस? गाढवाला डोळ्यांनी ऐकू येतं!"

लेक हसली नाही. तिने चेलो आडवा ठेवला आणि पर्समधून एक नाणं काढलं. लहानपणी तीही हार्पसिकॉर्डच शिकायची, तेव्हा आई तिच्या पालथ्या हातावर नाणं ठेवायची. हात असा स्थिर हवा, की वाजवताना ते पडता कामा नये. पडलं की पुन्हा पहिल्यापासून. ते पडतच राहिलं. "तुझ्या हातात संगीत नाही, सर्कस आहे," असं एक दिवस आईच्या तोंडून ऐकलं, आणि तिने ते वाद्य सोडलं ते सोडलंच.

बाईंचा हात अजून पट्ट्यांवरच होता. लेकीने नाणं त्याच्यावर ठेवलं.

"आता वाजव, आई."

नाणं पडलं नाही. बाईंचं एकही बोट उचलत नव्हतं.