उजवीकडचं बटण

सगुण गुरवांचं बोट कळफलकावर नऊ वेळा पडलं आणि एकदाही अडखळलं नाही. बोटाकडे ते पाहतही नव्हते. त्यांची सून सिद्धी खिडकीकडे तोंड करून उभी होती, तरी तिनं टकटक मोजली होती. मग माऊसची एक टिचकी ऐकू आली.

"झालं," सगुण म्हणाले.

सिद्धी वळली. झालं काहीच नव्हतं. तिला हवी असलेली खिडकी पडद्यावर उघडलीच नव्हती.

देवळाच्या समितीचा हा संगणक. दसऱ्यापासून त्याचा प्रिंटर रुसला होता. छपाई सांभाळणारी एक सेवा, म्हणजे संगणकातला एक प्रोग्राम, आतल्या आत अडकली होती. ती थांबवून पुन्हा सुरू केली की भागणार होतं. पण ते करायचं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आत शिरावं लागे, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते समितीचे चिटणीस, म्हणजे सातेरी देवीचे गुरव सगुण. पासवर्ड ते कुणाला सांगत नसत. तो टाकताना खोलीतल्या सगळ्यांनी पाठ फिरवायची, देवीच्या स्नानाच्या वेळी फिरवतात तशी.

"म्हापशाहून माणूस आला होता, त्याचंही ऐकलं नाही यानं," सगुण म्हणाले. "प्रिंटरच बदला म्हणून सांगून गेला. सोड गो. पालखीच्या मानकऱ्यांची यादी हातानं लिहू."

"कोण लिहिणार? तुम्ही?"

"का? हात धड आहेत माझे."

"हात धड आहेत. डोळ्याचं काय ठरलं?"

सगुणांनी खुर्चीची पाठ चाचपून पाहिली आणि नीट टेकून बसले. मोतीबिंदू आधी चतुर्थीनंतर काढायचा होता, मग दसऱ्यानंतर. "जत्रा होऊ दे," ते म्हणाले.

सिद्धी पेडण्याच्या उच्च माध्यमिकमध्ये रसायनशास्त्र शिकवायची. प्रयोग फसला तर तो तसाच पुन्हा करायचा आणि या वेळी नजर हलवायची नाही, हे ती मुलांना दरवर्षी सांगायची.

"बाबा, परत टाका. पासवर्ड संपला की सांगा, मी वळते."

नऊ टकटक झाल्या. "संपला."

ती वळली. पडदा अंधारला होता. मधोमध एक चौकट होती आणि चौकटीत दोन बटणं. डावीकडे 'येस', उजवीकडे 'नो'. सगुणांचा बाण सरळ उजवीकडे निघाला.

"थांबा, थांबा. उजवीकडचं का दाबताय?"

"मग काय डावीकडचं दाबू?" सगुणांना प्रश्नच विचित्र वाटला. "उजवी म्हणजे होकार. चाळीस वर्षं लोकांना तेच सांगतोय मी."

ते खरंच होतं. गावात कुणाला विहीर खणायची असो, लेक द्यायची असो, तो आधी सगुणांकडे येई. ते ओल्या पाकळ्या देवीच्या मूर्तीला उजवी-डावीकडे चिकटवत, गाऱ्हाणं घालत आणि वाट पाहत. उजवी पाकळी पडली तर देवीची मान्यता. डावी पडली तर नाही.

सिद्धीला हसू आवरेना. "म्हणजे दसऱ्यापासून तुम्हीच त्या मशीनला नाही म्हणताय. आणि बाबा, देवीची उजवी म्हणजे समोर बसलेल्याची डावी. निदान या पडद्यापुढं तसं धरायचं."

सगुणही हसले. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसले. "आणि मी त्या म्हापशाच्या माणसाला अर्धवट म्हणालो."

"पण बटणावर लिहिलेलं असतं ना. इंग्रजीत, एकेक शब्द."

"लिहिलेलं असतं?"

ते पुढे झुकले. नाक पडद्यापासून वीतभर अंतरावर आलं. "दोन ठिपके दिसतात," ते म्हणाले. "एक हा. एक हा."

सिद्धीनं त्यांचा हात धरून बाण डावीकडे नेला. बटण दाबलं गेलं, खिडकी उघडली. तिनं यादीतली सेवा शोधली, थांबवली, पुन्हा सुरू केली. प्रिंटर घरघरला आणि मानकऱ्यांची नावं एकेक ओळ बाहेर येऊ लागली.

"बाबा," तिनं हळूच विचारलं, "आणि गाभाऱ्यात?"

"तिथं काय? पाकळी पडली की समोरच्यांना दिसते. त्यांच्या तोंडून कळतं." ते थांबले. "परवा वाड्यावरची ती शेवंती एकटीच होती. धारगळला हमरस्त्यावर भाजी-पावाचा गाडा घालू का, म्हणून विचारायला आली होती. मी उजवी म्हणालो."

"तिनं पाहिली नाही?"

"डोळे मिटून बसली होती. दोन डोळे तिचे मिटलेले, दोन माझे असले."

"गाडा सुरू झालाय तिचा. काल मी भाजी-पाव खाल्ला. लोक उभं राहून खात होते."

"बरी होती भाजी?"

"तिखट होती."

"शेवंतीची भाजी तिखटच असायची." सगुणांचा चेहरा जरा उजळला. मग त्यांनी छापलेला कागद उचलला, जवळ धरला, लांब धरला आणि घडी न घालता सिद्धीच्या हातात दिला. "सोमवारी प्रवीण येतोय. लेकीच्या स्थळाचं विचारायला. तोही एकटाच."

बाहेर कुणीतरी देवळाची घंटा वाजवली. सगुणांनी सवयीनं हात जोडले, पण उठले नाहीत.

"त्याला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, पंधरा दिवस कळ काढ. गुरव या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतोय."