पुकारा

दहाव्याचा पिंड ठेवून दुपार झाली, तरी कावळा काही शिवेना. वाशीमच्या कोर्टातल्या जगदेव चपराशाची कोणती इच्छा मागं राहिली, तेच कोणाला सुचेना.

"बाबा, धाकटीचं लगन मी थाटात लावून देतो," थोरला पोरगा म्हणाला. कावळा फांदीवरच.

"तुमचं लढाईतलं मेडल जपून ठेवतो," मधला म्हणाला. कावळ्यानं पाठच फिरवली.

मग जगदेवची बायको पंचफुला उठली. जर्मनच्या लढाईत जगदेव नुसता बिल्ल्यावरचा नंबर होता, कोर्टात नुसता 'चपराशी' आणि घरी नुसता 'अवो, आयकलं का'. सगळ्या तालुक्याची नावं पुकारण्यात जन्म गेला, पण त्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

पंचफुलानं पदर खोचला आणि थेट त्याच्याच कोर्टातल्या सुरात पुकारा केला, "जगदेव वल्द जानराव, राहणार आसेगाव, हाजिर होऽऽ!"

म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. नवऱ्याचं नाव, तेही एकेरी, चारचौघांत! ती थांबली नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला कावळा झपकन उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली.

सगळ्यांनी हात जोडले. पंचफुलानं मात्र नव्या नवरीसारखा तोंडावर पदर ओढला.

"लगन झाल्यापासून मांगं लागले व्हते, एकडाव नाव घे म्हणून," ती कावळ्याकडे बघत पुटपुटली. "घेतलं बरं आता. अवो, आयकलं का?"