उपाशीपोटीचं रक्त

सुगंधा गेल्याचं कळलं तेव्हा गुणाजी तिच्यासाठी पेज घेऊन इस्पितळाचा जिना चढत होता. डॉक्टर अनुपमा वरून उतरत आल्या आणि त्याच्या हातातला डबा त्यांनी हळूच काढून घेतला. मग त्याला काही विचारावं लागलं नाही. आतड्याच्या कॅन्सरने बायको नेली. शहाऐंशीचा मार्च होता.

तेरावं झालं आणि डॉक्टर स्वतः घाटकोपरला, भटवाडीतल्या त्याच्या खोलीवर आल्या. दारात चपला काढून चटईवर बसल्या.

"काका, ऑपरेशनआधी तुम्हा दोघांचं रक्त घेतलं होतं, आठवतं?"

आठवत होतं. जेवण पोटात पडलं की जठर गॅस्ट्रिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतं. आतड्यात गाठ नुकती धरत असते, तेव्हा हाच तिला खतपाणी घालतो का, हे डॉक्टर शोधत होत्या. सुगंधाचं रक्त आधी उपाशीपोटी घेतलं, मग दोन उकडलेली अंडी खायला देऊन पुन्हा घ्यायचं होतं. तुलनेला त्याच चुलीवरचं जेवणारा धडधाकट माणूस हवा होता, म्हणून गुणाजी. त्याचं फक्त उपाशीपोटी.

"तुमच्या रक्तात उपाशीपोटीच ते फार निघालं. आतून तपासून घेऊ."

"माका काय झाला? भाकरी बरी पचता."

"पचतेय तोवरच चला. सुगंधाताई दुखायला लागल्यावर आल्या होत्या."

गुणाजीने खुंटीवरचा सदरा काढला. तो त्यांच्याबरोबर इस्पितळात गेला. नळी घालून पाहिलं तर आतड्यात वाटाण्याएवढा मांसाचा कोंब. नळीतूनच तारेचा फास घालून तो काढला. तपासणीत कळलं, कॅन्सर अजून झाला नव्हता, पण कोंबाने ती वाट धरली होती.

"वाचलात, काका," डॉक्टर म्हणाल्या. "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण माझ्या कामात तुमचा आकडा मी सगळ्यात वर ठेवलाय."

गुणाजीने हात जोडले. डॉक्टरांना वाटलं, आपल्यालाच.

बाहेर रक्त घ्यायच्या खोलीपुढचं बाकडं तसंच होतं. रक्त घेतलं त्या सकाळी अंड्यांची बशी मांडीवर घेऊन सुगंधा इथेच बसून राहिली होती. गुणाजीचं रक्त घ्यायची पाळी अजून यायची होती. लग्न झाल्यापासून ती कधी त्याच्याआधी जेवली नव्हती. "तुमी खाल्ल्याबगर माका घास उतरूचो नाय," म्हणाली आणि पदराआडून एक अंडं तिने त्याच्या हातात ठेवलं. तिचं मन मोडवेना. त्याने ते खाल्लं आणि अर्ध्या तासाने रक्त द्यायला आत गेला.

आता तो आधी तिच्या तसबिरीपुढे पान वाढतो, मग स्वतः जेवतो. डॉक्टरांना त्या अंड्याचं सांगायचं मात्र अजून राहिलं आहे.