परातीतलं मीठ

केशोरीजवळच्या उन्हाळी धानाच्या बांध्यांमधलं पाणी चरातून नदीत उतरायचं आणि सोबत जमिनीतलं मीठ घेऊन जायचं. नदीवर दहा वर्षांत सारस फिरकला नव्हता.

गावातली डिंपल दर आठवड्याला नदीचं पाणी परातीत ओतून पत्र्याच्या खोलीत कुलूपबंद वाळवायची आणि तळाशी उरलेलं मीठ शेतकऱ्यांना दाखवायची.

एकदा त्या मिठात सारसाचं पाऊल उमटलेलं निघालं.

"कुलूप त तूच लावते न व?" शेजारच्या बांधीवाल्या बिसरामकाकांनी विचारलं. "मंग हा कोठून येऊन राहिला?"

"मले का माहीत, काका!"

दुसऱ्या दिवसापासून काकांनी बांधीत मोजकंच पाणी घेतलं आणि चरात सोडणं बंद केलं. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही. दर खेपेला मीठ कमी होत गेलं, पाऊल पुसट होत गेलं. डिंपलला आनंद व्हायचा आणि धाकधूकही. मीठच संपलं तर पाऊल उमटणार कशात?

आज भर दुपारी तिनं कुलूप काढलं. परात लख्ख होती. परातीपासून उंबऱ्यापर्यंत मात्र ओली पावलं होती, दोन मोठ्या सारसांची आणि मधे एका इवल्याशा पिलाची. तापल्या पत्र्याखाली ती अजून वाळली नव्हती.

तिनं त्या ओलीवर बोट टेकवून जिभेला लावलं. पाणी गोडं होतं.