टोपीखालची तयारी

स्तनातली गाठ काढल्यापासून ललिताला केमोची धास्ती होती. त्यात केस जातात, हे तिला ठाऊक होतं. आज डॉक्टरीणबाई गाठीच्या जनुकतपासणीचा रिपोर्ट वाचून हसल्या. “जनुकं चांगली निघाली. कॅन्सर परतायची शक्यता फार कमी आहे. केमो नको, गोळ्या पुरे.” ललिताचा जीव भांड्यात पडला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तर प्रेमानंद खूश व्हायचं सोडून टोपी घट्ट धरून बसलेले. “टोपी कावून काढून नाई राहिले?” तिने ती ओढली. खाली डोकं सफाचट. “तुले एकटं नाई वाटलं पायजे म्हनून सकाळीच टक्कल करून आलो,” ते ओशाळून म्हणाले. ललिता डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. दोघं कोहका गावी घरी पोचताच शेजारची कांता प्रेमानंदांच्या डोक्याकडे बघतच राहिली. “भाऊजी भंतेजी झाले काय?” “नाई वं,” ललिता म्हणाली, “माह्या वाट्याची केमो यायनं घेऊन टाकली.”