जंतू जेवले का?

"जंतू जेवले का गं?" चहा गाळताना आप्पांनी रोजच्यासारखं विचारलं. पोलाद कारखान्याच्या भट्टीवर त्यांची हयात गेली होती.

"मेले. दुसऱ्यांदा," मुलगी म्हणाली. त्याच कारखान्याच्या धुरापासून इंधन बनवणारे तिचे जिवाणू टाकीत तगत नव्हते. शेवटच्या चाचणीतही मेले, तर तिची कंपनी बुडणार होती.

"नवी भट्टी आम्ही आठ दिवस हळूहळू तापवायचो. तूही पहिल्याच दिवशी पोटभर वाढू नकोस." ती नुसतीच हसली.

दुसऱ्या सकाळी आप्पा उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर शेवटच्या चाचणीला तिने टाकीत नवे जिवाणू घालून धूर सोडला, पहिल्या दिवशी नावापुरता, मग रोज थोडा जास्त. नवव्या दिवशी जिवाणू पूर्ण धुरावर तगले. कारखान्याने करारावर सही केली.

टाकीच्या कोमट पत्र्यावर हात ठेवून ती मोठ्याने म्हणाली, "जेवले, आप्पा. तुमचंच बरोबर होतं."