भरल्या गाडीचं माप

टायरवाल्या मिस्त्रीच्या थोरलीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. लग्नाच्या धावपळीत आठवडाभर बंद ठेवलेलं दुकान त्याने सकाळी उघडलं, तर दारात गाडी उभी. पंचविशीचा मुलगा, आणि शेजारच्या सीटवर त्याची आई. स्प्रिंगा बदलून गाडी इतकी खाली बसवलेली, की दुकानापुढचा उतार चढताना तिचं पोट खर्रकन घासलं. मुलाने डिकी उघडली. आत कागदात गुंडाळलेल्या चार नव्या रिमा. सतरा इंची.

“दोनशे पंधरा रुंदीचे टायर घाला यांना,” तो म्हणाला. “गाडी कशी भरदार दिसली पाहिजे.”

“दिसेल की. पण रिम वाढली की रबर पातळ होतं, बाबा. रस्त्यातला खडान् खडा कमरेत कळेल. आणि गाडी तू आधीच जमिनीला टेकवलीयस. मडगार्डला घासले म्हणजे?”

“नाही घासत. मी सगळं मोजलंय.”

“रिकामी गाडी मोजली असशील. माणसं काय टपावर बसवणार आहेस?”

आई हसली. ती खाली उतरून बाकावर बसली होती. दिवस उकाड्याचा, तरी अंगात सैल, जाड स्वेटर.

मिस्त्रीने मागचं डावं चाक काढलं. एका नव्या रिमवर त्याच मापाचा वापरलेला टायर चढवला, चाक बसवलं, जॅक उतरवला आणि टायर-मडगार्डच्या फटीत बोटं घातली. दोन बोटं. मोठं माणूस मागे बसलं की त्यातलं एक जातं आणि उरलेल्या एका बोटात सगळे खड्डे निभवायचे असतात. इतक्या वर्षांत त्याने दुसऱ्या कुठल्या मापावर विश्वास ठेवला नव्हता.

“ताई, जरा मागे बसता का? डाव्या बाजूला.”

ती बसली. मिस्त्रीने पुन्हा बोटं घातली. दोन. गाडी जणू हललीच नव्हती.

“नीट टेकून बसा, ताई.”

“टेकूनच बसलेय, भाऊ.”

मुलाने टाळी वाजवली. “बघा! म्हटलं नव्हतं?” आणि नवं चाक लांबून कसं दिसतं ते बघायला तो रस्त्यापलीकडे धावला.

मिस्त्रीने वाकून खिडकीतून आत पाहिलं. स्वेटरच्या बाहीतून बाहेर आलेलं मनगट त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“काही बोलू नका, भाऊ,” ती हळूच म्हणाली. “डॉक्टरांनी आता औषध बंद केलंय. त्याला काहीच माहीत नाही. दोन वर्षं या गाडीच्या मागे लागलाय तो. एकदा हे चाकांचं होऊ दे, मग सांगणार आहे.”

मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बाईचा शब्द मोडवेना. पण तिच्या वजनावर माप धरलं, तर उद्या मुलगा चार मित्रांना घेऊन निघाला की टायर घासून घासून भर रस्त्यात फुटणार. मुलगा हसत परत आला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “उतरा, ताई. एकदा मी बसून बघतो. तू बोटं घाल रे.”

मिस्त्री बसला, तशी स्प्रिंग कुरकुरली.

“एकच बोट जातंय,” बाहेरून मुलगा म्हणाला.

“हां, बघ! म्हणजे एखादा खड्डा आला की घासणार. तू रुंदी कमी कर. आणि माझं वजनही जरा जास्तच आहे म्हणा. लग्नघरचं जेवण झालंय आठवडाभर.”

“तुमचं वजन?” मुलगा खो खो हसला. “अहो मिस्त्री, तुम्ही तर अगदी काडीपहिलवा...”

पुढचं अक्षर त्याच्या तोंडातून निघालं नाही. मिस्त्रीने डोळे मिटले. टायरचं सांगता सांगता आपण काय सांगून बसलो, ते त्याच्या ध्यानात आलं.

“आई, तू परत बस.”

“किती चढउतार करायला लावतोस रे? म्हातारी झाले मी.”

“बस ना, आई.”

मिस्त्री उतरला, ती बसली. मुलाने उकिडवं बसून फटीत बोटं घातली. तशीच ठेवली. कपाळ मडगार्डला टेकवलं.

“किती दिवस झाले?” त्याने विचारलं.

“गाडी तर होऊ दे पुरी.”

“किती दिवस, आई?”

तिने खिडकीतून हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. मिस्त्रीने उगाच एक नट उचलून फडक्याने पुसायला घेतला.

मग मुलगा उठला. नाक ओढत म्हणाला, “मिस्त्री, सगळ्यात जाड रबर कुठल्या चाकात येईल?”

“तुझ्या जुन्या. पंधराच्या.”

“तीच बसवा. हवा जरा कमी ठेवा. आणि जुन्या स्प्रिंगा घरी आहेत, दुपारी घेऊन येतो. गाडी होती तेवढी वर घ्या. हिला दणका लागता कामा नये.”

“अरे, पण रिमा एवढ्या हौसेनं आणल्यास...” आई म्हणाली.

“तू गप्प बस ग.”

जुनं चाक पुन्हा बसवायला मिस्त्रीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. प्रत्येक नट त्याने हाताने दोनदा आवळला.

मुलाची आई त्यानंतर एकेचाळिसाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, नऊ वाजायच्या आत वारली.